बिनचेहऱ्याचा चोपदार

१

सांतू आंतोनियूच्या सणाच्या दिवशी सकाळी आमच्या आल्फामा वस्तीत फक्त दोघंच जागे असतात: मांजरं आणि पर्यटक. बाकी वस्ती रात्रभर नाचून, गाऊन, तारल्या भाजून आणि खाऊन आडवी झालेली असते. गल्ल्यांत कागदी पताका लोंबत असतात, विझलेल्या शेगड्यांतून वास येत असतो आणि कुणाच्या तरी दारात कुणाचा तरी एकच बूट पडलेला असतो.

मी जागा होतो, कारण पर्यटक जागे होते. माझं नाव अबीलियू. लोकांना लिस्बन दाखवणं हा माझा धंदा. त्या सकाळी डच मंडळींचा एक घोळका कॅथेड्रल दाखवून किल्ल्याकडे नेत होतो आणि वाटेत, रोजच्या सवयीने, आंदोरिन्या महालात शिरलो. महाल म्हणजे बाहेरून अगदी साधा, पण आतला जिना बघण्यासारखा. जिन्याच्या पायथ्याशी भिंतीवर निळ्या टाइलांत रंगवलेला, पुरुषभर उंचीचा चोपदार आहे. एका हातात भाला, दुसरा हात 'या, वर या' म्हणत पुढे केलेला. जुन्या घरांतून पाहुण्यांच्या स्वागताला असे चोपदार रंगवून घ्यायचे.

मी चोपदाराकडे पाठ करून माझं पाठ वाक्य सुरू केलं. "आणि आता या चेहऱ्यावरचं मिस्कील हसू बघा. बेलेंचा बुरूज विसराल, पण हे हसू..."

"कुठला चेहरा?" एका डच बाईने विचारलं.

मी वळलो. पिसाची टोपी जागेवर होती. लेसची कॉलर जागेवर होती. मधली टाइल गेली होती. तिथे नुसतं चौकोनी भोक होतं.

डच मंडळींनी त्याचेही फोटो काढले.

माझा ओरडा ऐकून वरून मालकीणबाई उतरल्या. दोना लेओपोल्दिना, वय ऐंशीच्या पुढे, चष्मा पर्समध्ये. चष्म्याने आपण म्हाताऱ्या दिसतो असं त्यांचं मत होतं. भोकाला हात लावून त्यांनी खात्री करून घेतली आणि मग सगळा जिना दणाणून सोडला.

"या घरात पाहुण्यांशी नीट वागणारा एकच पुरुष होता! त्याचंही तोंड नेलं मेल्यांनी!"

हे वाक्य त्यांच्या मागून जांभया देत उतरणाऱ्या भाच्यासाठी होतं. भाचा तेल्मू. बाईंच्या पश्चात महाल त्याचा आणि त्याला तिथे हॉटेल करायचं होतं. जिन्याच्या जागी लिफ्ट, चोपदाराच्या जागी स्वागतकक्ष.

"परवा समिती येणार ना, मावशी?" तेल्मू गोड आवाजात म्हणाला. "संरक्षित वास्तू ठरवायला? आता बिनतोंडाच्या माणसाला कोण संरक्षण देणार?"

त्याचं म्हणणं वाईट होतं, पण खोटं नव्हतं. समितीने महाल संरक्षित ठरवला, तर कुणाला एक खिळासुद्धा काढता येणार नव्हता. नाही ठरवला, तर बाईंचे डोळे मिटायचा अवकाश, की लिफ्ट आली असती.

२

सणाच्या दिवशी पोलिसांकडून मोकळं माणूस मिळालं ते एकच: सब-इन्स्पेक्टर योलांदा पेश्ताना. बाई मूळच्या आलेंतेजूच्या सपाट मुलखातल्या. आमच्या चढणीच्या माथ्यावर त्या पोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता.

"हे शहर सात टेकड्यांवर ज्याने वसवलं," धापा टाकत त्या म्हणाल्या, "त्याला आधी अटक करायला हवी. चोर नंतर बघू."

त्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या आणि पुढची सगळी चौकशी तिथूनच केली. वर यायला दोना लेओपोल्दिनांनी तीनदा सांगितलं. बाईंनी तीनदा नम्रपणे नकार दिला.

"काल रात्री दार उघडं होतं?"

"सणाला माझं दार कधीच बंद नसतं," दोना लेओपोल्दिना म्हणाल्या. "सगळ्या गल्लीची टेबलं-खुर्च्या इथे दिवाणखान्यातच ठेवतात. कोण येतं, कोण जातं, काय सांगू?"

"ठोकाठोकी ऐकली?"

"बाई, कालच्या गाण्यांत कुणी तोफ डागली असती तरी ढोल वाटला असता."

योलांदाबाईंनी उठून भोकाजवळ नाक नेलं. बाजूच्या टाइलांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"गाईडसाहेब, काय दिसतं?"

"भोक."

"शेजारच्या टाइलांना ओरखडा तरी आहे?"

नव्हता. आमच्या शहरात टाइलचोर नवे नाहीत. जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवरून ते टाइला उचकटतात, तेव्हा एकीसाठी चार फोडतात. इथे डॉक्टरने टाका काढावा तशी टाइल काढलेली होती.

"शिवाय चोराला विकायचाच असता, तर त्याने आख्खा चोपदार नेला असता," बाई म्हणाल्या. "नुसतं तोंड कोण घेईल? तेल्मू, तुम्ही काल कुठे होता?"

"मी नाचत होतो. शंभर लोकांनी बघितलं."

"कसा नाचलात, हे विचारलं तर सांगतील?"

"सांगतील," दोना लेओपोल्दिना मध्येच म्हणाल्या. "त्याचा पाय तीन बायकांच्या पायांवर पडला. एक अजून लंगडते आहे. चोरी त्याने केलेली नाही, इन्स्पेक्टरबाई. याला खिळा ठोकायला दिला तर बोट ठोकून घेतो. एवढं सुबक काम त्याच्या हातून होणार नाही."

मावशीने आपली बाजू घेतली की अपमान केला, हे तेल्मूला कळेना. 

"मग या चेहऱ्यावर कुणाचा राग होता?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं. उघड्या दारातून समोरच्या गल्लीतली पाटी दिसत होती. झेफेरीनू, न्हावी.

३

झेफेरीनूचं आणि चोपदाराचं प्रकरण वस्तीत सगळ्यांना माहीत होतं; वाटेत मी ते योलांदाबाईंनाही सांगितलं. महाल लोकांना बघायला खुला झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की चोपदाराचं तोंड थेट झेफेरीनूचं आहे. तेच जाड ओठ, तेच मिस्कील डोळे, तेच एका अंगाला कललेलं नाक. मग मी काय करणार? पर्यटकांना गोष्ट लागते. मी गोष्ट दिली: चोपदार म्हणून ज्याला समोर बसवून चित्र काढलं, तो याच न्हाव्याच्या पणजोबाचा पणजोबा.

तेव्हापासून पर्यटक महालातून निघाले, की सरळ त्याच्या दुकानात शिरायचे. केस कापायला नव्हे. त्याला हाताला धरून चोपदाराशेजारी उभं करायला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत साबण लावून बसायचं आणि झेफेरीनू तिकडे डावा हात पुढे करून 'या, वर या' करत उभा असायचा. सुरुवातीला त्याला मजा वाटली. नंतर त्याचा जीव नकोसा झाला.

आम्ही दुकानात शिरलो तेव्हा तो मान खाली घालून वस्तरा परजत होता. बाहीवर पांढरी भुकटी होती.

योलांदाबाईंची नजर बाहीवर गेली. 

"चुना?" त्यांनी विचारलं.

"टाल्कम," झेफेरीनू म्हणाला आणि डबा पुढे केला. "वास घ्या. लॅव्हेंडर."

बाईंनी वास घेतला आणि शिंकल्या.

"काल रात्री शेगडीपाशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'एक दिवस त्या चोपदाराचं थोबाडच फोडतो.'"

"म्हणालो. दरवर्षी म्हणतो. दरवर्षी हेही म्हणतो की मी आता ब्राझीलला जाणार. गेलो का?"

"तुमचं नाक असं कशानं झालं?"

झेफेरीनू चमकला. हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. मलाही नव्हता.

"फुटबॉल," तो म्हणाला आणि जरा छाती पुढे आली. "तेविशीत होतो. खालच्या चौकात मॅच. मी गोलकीपर. शेवटच्या मिनिटाला असा झेपावलो, की बॉल अडवला आणि कारंज्याच्या दगडाने मला अडवलं. त्याआधी माझं नाक असं सरळ होतं! या गल्लीतल्या मुली..."

"पुरे," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे एकदम बारीक झाले होते. "अबीलियू, तुमच्या फोनमध्ये या दोघांचे फोटो असतील?"

दोन-तीनशे होते. बाईंनी एक उघडला, मोठा केला, नाकांवर आणला आणि माझ्यासमोर धरला. फोटोत डावीकडे चोपदार, उजवीकडे झेफेरीनू.

"काय दिसतं? भोक म्हणू नका."

"दोन नाकं," मी म्हणालो. "एकमेकांकडे कललेली. जणू काही गुपित सांगताहेत."

"सांगताहेतच," योलांदाबाई म्हणाल्या आणि बाहेर जाऊन गल्लीतल्या कठड्यावर बसल्या.

४

मी त्यांच्याशेजारी बसलो. आत झेफेरीनू आपल्याला अटक करायला गाडी येते आहे का, हे खिडकीतून बघत होता.

"माणसाला बापाचे डोळे मिळतात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आजोबाचे ओठ मिळतात. पण फुटबॉलमध्ये फुटलेलं नाक पणजोबाच्या पणजोबाला मिळतं का?"

मला क्षणभर कळलं नाही. मग लख्ख कळलं. इतकी वर्षं मी हजारो लोकांना सांगत आलो होतो, की झेफेरीनू चोपदारासारखा दिसतो. खरं तर चोपदार झेफेरीनूसारखा दिसत होता!

"म्हणजे ते तोंड जुनं नव्हतंच?"

"त्या मॅचनंतरचं. चोपदार जुना, तोंड नवं. आणि परवा समितीतली माणसं भिंग घेऊन येणार. ते तोंड बनवणाऱ्याला ही भीती. हरवलेल्या तोंडाची हळहळ वाटते. खोट्या तोंडामुळे सगळ्या भिंतीवरच संशय येतो. म्हणून बनवणाऱ्यानेच ते काढून नेलं. ज्या हाताने बसवलं होतं त्याच हाताने, शेजारच्या टाइलांना धक्का न लावता."

"पण हे चित्र झेफेरीनूला समोर बसवून काढलं असेल, तर तोच सांगेल ना कुणी काढलं."

"त्याला समोर बसवलेलंच नाही. समोरून बघितलं असतं, तर नाक त्याच बाजूला कललं असतं. हे उलट्या बाजूला आहे." बाई उठल्या. "झेफेरीनूला नेहमी उलटं बघणारं कोण आहे, ते शोधायचं. आणि कृपा करून ते माणूस चढावर राहत नसावं."

चढावर नव्हतं. दुकानाच्या अगदी समोर होतं. दोना एर्मेलिंदांची टाइलांची कार्यशाळा. महालातल्या टाइलांची देखभाल त्याच करायच्या. साठी उलटलेली, शांत, नखांत कायम निळा रंग.

"या, बसा," त्यांनी स्टुलावरचा पसारा उचलला. "चोपदाराचं कळलं. वाईट झालं. जुन्या उस्तादाचा हात होता तो. कुणी कधी दुरुस्तसुद्धा केला नव्हता."

 स्टुलावर न बसता योलांदाबाई एर्मेलिंदांच्या कामाच्या खुर्चीत, खिडकीपाशी बसल्या. आणि बाहेर बघत राहिल्या. मीही त्यांच्या खांद्यावरून डोकावलो.

समोर न्हाव्याचं उघडं दुकान. झेफेरीनू एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. आमच्याकडे त्याची पाठ होती. पण त्याच्यासमोर मोठा आरसा होता आणि आरशात त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. जाड ओठ, मिस्कील डोळे, आणि नाक दुसऱ्या बाजूला. थेट चोपदार.

"अबीलियू," बाई न वळता म्हणाल्या, "तुम्ही राहा. तुम्ही नाहीतरी काहीतरी रचून सांगणारच. निदान खरं काय ते ऐकून मग रचा." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "दोना एर्मेलिंदा, इथून नजारा छान आहे."

एर्मेलिंदांनी हातातला कुंचला पाण्यात बुडवला. धुतला. परत बुडवला. मग कपाटाकडे गेल्या, स्वयंपाकाच्या फडक्यात गुंडाळलेली टाइल काढली आणि टेबलावर ठेवली. चोपदार आमच्याकडे बघून हसला.

"मी नुकतीच कामाला लागले होते," त्या म्हणाल्या. "दोना लेओपोल्दिना तेव्हा ब्राझीलला, महाल बंद. मी एकटी धुवायला गेले. शिडी घसरली आणि त्याच्या तोंडावर आपटली. चुरा झाला, बाई, नुसता चुरा! सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. नवी टाइल केली. टोपीचा काठ केला, कॉलरची कड केली, शेजारच्या टाइलांशी रेषा जुळवल्या. पण चेहरा आठवेना. रोज पुसायचे, तरी आठवेना. डोळे मिटले, की एकच चेहरा यायचा."

"आणि त्याला सांगितलं नाहीत?"

"सांगणार होते. त्या आठवड्यात त्याचं लग्न ठरलं." त्या जराशा हसल्या. "मग त्याची बायको बिचारी गेली. नंतर सांगायचं म्हणजे, चाळीस वर्षं काय करत होतीस असं तो विचारेल म्हणून..."

 समोरून झेफेरीनूच्या गाण्याचा बेसूर आवाज येत होता.

"मला एक अडचण आहे," योलांदाबाई शेवटी म्हणाल्या. "जी जुनी टाइल चोरीला गेली असं मी कागदावर लिहिलं, ती चाळीस वर्षांपूर्वीच फुटली. आणि जी गेली ती तुमचीच. स्वतःचं चित्र दुसऱ्याच्या भिंतीवरून घरी आणलं, याला कलम कुठलं लावू? पण परवा समितीसमोर त्या म्हाताऱ्या बाईचं घर जातंय. ते मी वाचवू शकत नाही. तुम्ही वाचवू शकता."

"खोटं तोंड दाखवून?"

"खरं बोलून."

५

समितीच्या दिवशी महालात पाय ठेवायला जागा नव्हती. आख्खी गल्ली आली होती. दोना लेओपोल्दिनांनी सणासुदीचे मोती घातले होते, आणि मुख्य म्हणजे चष्मा लावला होता. समितीच्या प्रमुख प्राध्यापक क्विंतेला या बुटक्या, कडक बाई. त्यांनी छत बघितलं, कठडा बघितला, चोपदारासमोर आल्या आणि थबकल्या.

तेल्मू पुढे झाला. "दुर्दैवाने, प्राध्यापक, मुख्य आकर्षणच..."

"बाजूला हो, तेल्मू," एर्मेलिंदा म्हणाल्या.

त्यांनी ॲप्रनमधून टाइल काढून प्राध्यापकांच्या हातात दिली आणि शिडीपासून फडक्यापर्यंत सगळं सांगितलं.  फक्त चेहरा कुणाचा, तेवढं सांगितलं नाही.

सांगायची गरजच नव्हती. प्राध्यापकबाईंनी टाइल बघितली, मग सहज दाराकडे बघितलं. दारात झेफेरीनू उभा होता. त्यांनी पुन्हा टाइल बघितली. हळूहळू सगळ्या गल्लीची तोंडं त्याच्याकडे वळली.

झेफेरीनूच्या डोक्यात गोष्ट पायरी-पायरीने चढत होती. आधी त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे मी कुणाचाच वंशज नाही?"

"न्हाव्यांचा आहेस," दोना लेओपोल्दिना म्हणाल्या. "तेही चांगल्या."

मग तो लाल झाला. मग त्याने एर्मेलिंदांकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं, आणि डोक्यावर नसलेली टोपी काढायला हात वर नेला.

"बाई खोटेपणा कबूल करताहेत," तेल्मू घाईने म्हणाला. "म्हणजे आता हा महाल..."

"तरुण माणसा," प्राध्यापक क्विंतेला म्हणाल्या, "१७५५च्या मोठ्या भूकंपानंतर या शहरात काय काय जोडून, लिंपून, पुन्हा बसवलंय, हे सांगायला बसले तर तुमची लिफ्ट गंजेल. लपवलेली दुरुस्ती मला चालत नाही. सांगितलेली चालते. टाइलेच्या मागे तुमचं नाव आणि साल लिहा, दोना एर्मेलिंदा, आणि लावा परत जागेवर." मग टाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "काम उत्तम आहे. फक्त निळा जरा जास्त प्रेमाने वापरलाय."

सगळी गल्ली हसली. दोना लेओपोल्दिनांनी प्राध्यापकांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. योलांदाबाई एकदाच्या जिना चढून वर गेल्या. वर खारवलेल्या माशाचे वडे तळले होते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेल्मूही गेला. चार वडे खाल्ल्यावर त्याने मावशीला विचारलं, की संरक्षित महालात तिकीटखिडकी तरी काढता येते का.

मी खालीच होतो. गर्दी वर गेल्यावर झेफेरीनू आणि एर्मेलिंदा जिन्याशी दोघेच उरले.

"चाळीस वर्षं काय करत होतीस?" त्याने विचारलं.

तिला ज्याची भीती वाटत होती, नेमकं तेच. ती ॲप्रनची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हणजे," तो घाईघाईने म्हणाला, "मी रागावून नाही विचारत. मला खरंच माहीत नाही. रोज समोर असतेस आणि मला एवढंही माहीत नाही, की तुला रविवारी काय करायला आवडतं."

"नदीपलीकडे जाऊन मासे खायला आवडतं," एर्मेलिंदा म्हणाली. "पण एकटीने कंटाळा येतो."

रविवारी मी स्पॅनिश मंडळींचा एक घोळका घेऊन नदीपलीकडे, कासिल्यासच्या धक्क्यावर गेलो होतो. तिथून पलीकडचं सगळं लिस्बन एका नजरेत दिसतं: किल्ला, कॅथेड्रल, उतरत्या छपरांची आमची वस्ती. दोघं कठड्याशी बसली होती. झेफेरीनू हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. परतीची बोट भोंगा देऊन सुटली. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दुसरी आली, तीही सुटली.

तिसरीच्या वेळी मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, पण मग विचार बदलला आणि स्पॅनिश मंडळींना घेऊन मुकाट्याने बोटीत चढलो.